चौथ्या टप्प्याच्या कॅन्सरमध्ये 'बरे व्हाल' म्हणावं का?

निशिगंध: फुप्फुसाचा कॅन्सर पसरलाय हे कळलं की घरचे डॉक्टरांना दाराबाहेर गाठतात, 'पेशंटला सांगू नका, खचतील.' मला ही आशा वाटत नाही, फसवणूक वाटते. वजन उतरतंय हे त्या माणसाला दिसतंच. मग दोन्हीकडून सोंग सुरू होतं आणि मृत्युपत्र, बँकेचं खातं, शेवटी घरी राहायचं की आयसीयूत, हे बोलायचं राहून जातं. अमेरिकेतल्या 2012 च्या एका अभ्यासात, केमोने हा पसरलेला आजार बरा होण्याची शक्यता मुळीच नाही हे अशा 69 टक्के रुग्णांना उमगलेलंच नव्हतं.

साधाकागद: असहमत. खरं म्हणून जो आकडा सांगतात तोच अर्धवट असतो. 'मध्यक 8 महिने' म्हणजे निम्मे त्यापुढे जगतात, काही तर खूपच पुढे. अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना 1982 मध्ये मेसोथेलिओमा हा दुर्मिळ कॅन्सर झाला, मध्यक तेवढाच होता. ते 2002 पर्यंत जगले. शिवाय बायोप्सीचे ईजीएफआर, एएलके (गाठीतल्या जनुकांच्या तपासण्या) रिपोर्ट यायच्या आत महिने मोजूच नयेत. या जनुकांत बदल सापडला तर त्यावरच्या गोळ्यांवर काही जण वर्षानुवर्षं काढतात.

निशिगंध: रिपोर्टचं मान्य. पण नंतर तरी बोलाल ना? आधी विचारावं, 'आजाराबद्दल काय समजलंय? सगळं तुम्हीच ऐकणार की मुलीला सांगू?' मग नेमकी तारीख न देता 'काही महिने, कदाचित वर्षभर' असा पल्ला सांगावा. 'आता काही करण्यासारखं नाही' हे वाक्य मात्र कुणीच उच्चारू नये, कारण ते खोटं आहे. दुखण्यावर तोंडाने घ्यायचं मॉर्फिन आहे, साधं, म्हणजे हळूहळू सुटणारं नसलेलं, असेल तर दर 4 तासांनी. सोबत पहिल्या दिवसापासून शौचाला साफ होण्याचं औषध हवं. नाहीतर शौचाला होत नाही म्हणून पेशंट मॉर्फिनच सोडतो आणि पुन्हा कळा सुरू.

पायवाट: वेदनाशमन टीम शेवटच्या आठवड्यात बोलावतात, खरी चूक तिथे होते. 2010 मध्ये बॉस्टनला याच कॅन्सरच्या 151 रुग्णांपैकी निम्म्यांना सुरुवातीपासून उपचारांच्या जोडीने ही सेवा दिली. त्यांच्यात नैराश्य कमी दिसलं, आयुष्याचा मध्यक 11.6 महिने; बाकीच्यांचा 8.9.

साधाकागद: टीम पहिल्या दिवशी बोलवा, वाद नाही. पण 'मला काही ऐकायचं नाही' म्हणणाऱ्या आजींवर तुमचा पल्ला लादू नका. मुलीला सांगा, आणि आजींना पुढच्या भेटीत पुन्हा विचारा.