फिलाडेल्फिया डेरिंजरची कॉपी कशी ओळखायची

एकाने विचारलंय की त्याच्याकडच्या फिलाडेल्फिया डेरिंजर या छोट्या पिस्तुलाच्या बॅरलवर कंपनीचं नाव नाही, फक्त चौकोनात एबी, मग हे पिस्तूल खरं जुनं का. अहो नाही, एबी म्हणजे इटलीच्या गार्दोनेच्या प्रूफ हाऊसचा, म्हणजे बंदुका टेस्ट करून शिक्का मारणाऱ्या संस्थेचा, १९७६ सालचा कोड, एए १९७५ चा, आणि शेजारी पीएन असेल तर ते ब्लॅक पावडरसाठी (जुन्या पद्धतीच्या काळ्या दारूसाठी) टेस्ट केल्याचं. हे पिस्तूल मुळात बनवणाऱ्या हेन्री डेरिंजरच्या असली पिस्तुलांवर डेरिंजर फिलाडेला असा ठसा असतो, स्पेलिंगमध्ये मधला आर एकच (Deringer), अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांच्यावर १८६५ मध्ये झाडलेलं पिस्तूल त्याचंच. पण कॉपी म्हणून टाकून देऊ नका, ७० च्या दशकातल्या इटालियन कॉपीज मला तरी जमवण्यासारख्या वाटतात, फक्त ते मार्क पॉलिश करून घालवू नका प्लीज, आणि आधी नळीत काठी घालून भरलेलं नाही ना बघा.