पद्मिनीचे पार्ट अजून मिळतात का? (व्हील सिलेंडर + पुढच्या काचेचं रबर)

वाईकर_८७
नमस्कार मंडळी. बाबांची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी आहे, दोन वर्षं शेडमध्ये उभी होती, दिवाळीला बाहेर काढायची म्हणून बॅटरी टाकली तर इंजिन तिसऱ्या सेल्फला चालू झालं (!) पण ब्रेक पार गेलेत. पॅडल खाली टेकतं आणि मागच्या डाव्या चाकातून ब्रेक ऑइल गळतंय. गॅरेजवाला म्हणतो व्हील सिलेंडर (चाकातला ब्रेक दाबणारा छोटा सिलेंडर) आता कुठेच मिळत नाही, गाडी भंगारात द्या. बाबा तेव्हापासून गप्पच आहेत. शिवाय पुढच्या काचेचं रबर लाकडासारखं झालंय, पावसात पाणी थेट डॅशबोर्डवर. अलीकडे कुणी पार्ट घेतलेत का, कुठून?

काउंटरवाले_काका
आधी गॅरेज बदल. मी स्पेअरच्या काउंटरवर आयुष्य काढलंय म्हणून सांगतो, दुकानात जाऊन "पद्मिनीचं अमुक आहे का" असं विचारूच नकोस. गाडीचं नाव ऐकलं की पोरगा मान हलवतो, माप सांगितलं की शिडी लावून माळ्यावर चढतो. बेअरिंग असेल तर त्यावर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा, तिथे गाडी कुठली हे कुणी विचारतही नाही. ऑइल सील असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, बस. सिलेंडरचं तसंच, उघड, व्हर्नियरने आतलं माप घे, जुना पार्ट खिशात टाक आणि मुंबईला ऑपेरा हाऊसजवळच्या स्पेअरच्या बाजारात एक चक्कर मार. काळ्यापिवळ्या टॅक्स्यांमुळे पद्मिनीचा माल मुंबईत खूप वर्षं खपत होता, शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली, त्यामुळे माल आटतोय पण संपलेला नाही. बॉडीचं काही हवं असेल, दरवाजा, हँडल, बंपर, तर कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे बघ.

उद्यमनगरी
नवा सिलेंडर शोधायचाच कशाला भावा? हाय तोच नीट होतोय. आतनं गंजून खड्डे पडले असणार, म्हणून रबर कितीबी नवं टाकलं तरी गळणार. लेथवर बोअर मारायचा म्हणजे आतनं मोठा करायचा, स्लीव्ह (आतली नळी) दाबून बसवायची, होनिंग करून म्हणजे आतनं घासून गुळगुळीत करून परत मूळ मापाला आणायचं. आमच्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात असली कामं रोजची हाईत. वाईहून अडीच-तीन तासाचा रस्ता, सकाळी दिलं तर संध्याकाळी घेऊन जा. आणि एक, सिलेंडर पेट्रोल-डिझेलनं धुऊ नको, आतले रबरी वॉयसर फुगतात, ब्रेक ऑइलनंच पुसायचं.

पेठेतला_फियाटवाला
वरचं सगळं बरोबर, फक्त रबराबद्दल सावध रहा. कुणी "ओरिजिनल कंपनी पॅक, जुना स्टॉक" म्हणून किट दाखवलं की आपण हरखतो. लोखंड असेल तर डोळे झाकून घ्या, पण रबर पंचवीस वर्षं पाकिटात पडून पडून पण म्हातारं होतं. मी एकदा तसलं किट घातलं आणि महिन्याभरात परत चाक उघडलं. रबर नेहमी ताजं घ्यायचं. काचेच्या रबराचा दोन-तीन इंच तुकडा कापून न्या आणि त्याचा छेद जुळवून घ्या, फुटावर मिळतं, पुण्यात नाना पेठेत विचारून बघा. पुण्याच्याच जुन्या बाजारात मला टेललॅम्पची काच मिळाली होती, पण तिथे नशीब लागतं.

मिलानहून_मराठी
आपली पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. इटलीत ११०० चे पार्ट अजून बनतात आणि ऑनलाइन मिळतात पण एक गंमत लक्षात ठेवा. इकडची ११००-डी दिसायला आपल्या पद्मिनीची सख्खी बहीण, पण तिचं इंजिन १२२१ सीसी, बोअर (इंजिनच्या सिलेंडरचा आतला व्यास) ७२ मिमी. आपलं १०८९ सीसी, बोअर ६८. स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) दोन्हीचा ७५ च. म्हणजे फोटो बघून पिस्टन-रिंगा मागवल्या तर टेबलावर शोभेला ठेवाव्या लागतील. इंजिनचं काही मागवायचं तर ११००-आर च्या यादीत बघा, ती १०८९ ची आहे. तरी ब्रेकचा सिलेंडर इकडून मागवू नका, पोस्टेज आणि कस्टममध्येच लेथचं काम होऊन जाईल.

वाईकर_८७
सगळ्यांचे आभार!! काल बाबांना हे वाचून दाखवलं, ते उठले, पाना घेतला आणि ड्रम स्वतः उघडला. उद्यमनगरी म्हणाले तसंच, आत खड्डेच खड्डे. शनिवारी कोल्हापूर. स्लीव्ह पितळेची टाकू की स्टेनलेसची?

उद्यमनगरी
दोन्ही चालतात, मी स्टेनलेस टाकतो. पण एकटा डावाच आणू नको, उजवा पण काढून आण, त्याचं वय बी तेवढंच हाय. आणि बाबांना घेऊन ये.