चर्चा: मार्क अपेलचं दार 2017 सालीच बंद झालं होतं

नववा_डाव (धागाकर्ता)
अमेरिकन बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या स्तरांत) पहिल्या फेरीत निवडलेला एखादा पिचर, म्हणजे गोलंदाज, चाचपडायला लागला की कुणीतरी मार्क अपेल या पिचरचं नाव काढतंच. "तोही तिशीत पोचलाच की मेजरला!" माझ्या मते हे उदाहरणच चुकीचं आहे.

2012 साली त्याने पायरेट्स संघाचे 38 लाख डॉलर नाकारले. 2013 मध्ये ॲस्ट्रोज संघाने त्याला ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे) पहिल्या क्रमांकावर घेतलं, कराराचा बोनस 63.5 लाख. दुसऱ्या क्रमांकावर क्रिस ब्रायंट होता, आणि तो 2016 ला नॅशनल लीगचा एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) झाला. तोपर्यंत केन जाइल्सच्या बदल्यात अपेल फिलीज संघाकडे गेला होता आणि त्याच वर्षी कोपराची शस्त्रक्रिया झाली. 2017 ला लीहाय व्हॅलीत, म्हणजे मेजरच्या लगेच खालच्या ट्रिपल-एमध्ये: 82 इनिंग, ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यातल्या धावा, कमी तितकं चांगलं) 5.27, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले) 60, वॉक (चार चेंडू बाहेर टाकून फलंदाजाला फुकट दिलेला बेस) 53. तो 53 परत वाचा. नोव्हेंबरात संघ ज्यांना राखून ठेवतो त्या 40 जणांच्या यादीतून नाव गेलं, वेव्हरवर (सोडलेला खेळाडू इतर संघांना उचलता येतो तेव्हा) उरलेल्या 29 संघांपैकी एकानेही उचललं नाही. वय 26. इथे संपलं. पुढचं सगळं बोनस.

वाऱ्याची_दिशा
ईआरए मोजताना मैदान बघायचं की नाही? सगळी बदनामी सुरू झाली 2014 च्या लँकेस्टरपासून. 12 स्टार्ट (सुरुवातीचा पिचर म्हणून टाकलेले सामने), ईआरए 9.74. ते मैदान कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, उंचावर. हवा कोरडी आणि वारा उजव्या कुंपणाकडे वाहणारा. इतर ठिकाणी आउटफिल्डरच्या हातात पडणारा झेल तिथे कुंपणापार जातो. त्यात त्या जानेवारीत अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झालेली, म्हणजे वसंतातली तयारी अर्धवट. शिवाय ॲस्ट्रोज तेव्हा मायनरमध्ये एकाच सामन्यात दोन स्टार्टरची जोडी लावायचे. कॉलेजात आठवड्यातून एकदा टाकणाऱ्याला दिवसांचं गणितच बदलून गेलं. त्याच हंगामात कॉर्पस क्रिस्टीला, ट्रिपल-एच्या खालच्या डबल-एमध्ये, ईआरए 3.69. हात तोच, फक्त गाव बदललं.

नववा_डाव
लँकेस्टर माफ केलं. पण लीहाय व्हॅली पेनसिल्व्हेनियात आहे, तिथे कुठलं वाळवंट? आणि वॉक वाऱ्याने होत नाहीत.

शिवण_चार
वॉकचं कारण आकड्यांत नाही, चेंडूत आहे. अपेलचा फास्टबॉल वेगवान होता, पण सरळ यायचा आणि फलंदाजाला हातातून सुटताच दिसायचा. असा चेंडू प्लेटच्या (फलंदाजाजवळच्या पाटीच्या) मधोमध गेला की मार बसतो. एकदा मार बसला की पिचर कडा शोधायला लागतो. कडा चुकली की 2-0, म्हणजे दोन चेंडू बाहेर आणि स्ट्राइक एकही नाही. आता फलंदाजाला ठाऊक असतं की पुढचा फास्टबॉलच येणार, कारण पिचरला स्ट्राइक हवाच आहे. यातून सुटायचं तर 1-0 वर स्लायडर (वळणारा चेंडू) स्ट्राइक झोनमध्ये (चेंडू स्ट्राइक धरला जातो त्या चौकटीत) टाकता यायला हवा, मातीत नाही. तो भरवसा नसला की दर डावात 20-25 चेंडू जातात आणि पाचव्या डावाआधीच बुलपेनमध्ये (बदली पिचर तयार होतात तिथे) हालचाल सुरू.

 

चाळीसची_यादी
सगळे चेंडूकडे बघताय, कागदाकडे कुणीच नाही. 19 किंवा जास्त वयात करार झालेल्याला चौथ्या रूल फाइव्ह ड्राफ्टआधी (यादीबाहेरचे खेळाडू दुसरे संघ उचलतात त्या ड्राफ्टआधी) 40 मध्ये घ्यावं लागतं, नाहीतर दुसरा संघ एक लाख डॉलर भरून त्याला नेऊ शकतो. मात्र नेलं तर वर्षभर मेजरच्या संघातच ठेवायचं. अपेलची ती मुदत नोव्हेंबर 2016 ला आली, तेव्हा त्याला घेतलं. पुढच्या नोव्हेंबरात नव्या पोरांची मुदत आली आणि जागा तेवढ्याच. तीनपैकी एकच ऑप्शन वर्ष (40 मध्ये ठेवूनही मायनरला पाठवता येतं असं वर्ष) खर्च झालं होतं, तरी त्यालाच काढलं. यावरून संघाने त्याला कितव्या नंबरवर ठेवलं होतं ते कळतं. इथे मी धागाकर्त्यांच्या बाजूने.

दादर_पूर्व
आपल्याकडे अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणीत 11,167 धावा, पदार्पणातच 260, आणि भारताची टोपी नाही. जागाच नसेल तर दार कुणी बंद केलं म्हणायचं?

चाळीसची_यादी
तुलना जमत नाही हो. मुझुमदार धावा करून अडकले, पुढे द्रविड-गांगुली-लक्ष्मण होते. अपेलच्या पुढे भिंत नव्हती, त्याचे 53 वॉक होते.

वाऱ्याची_दिशा
मग 2022 चं काय? फेब्रुवारी 2018 ला तो खेळ सोडून गेला, 2021 ला परतला, ईआरए 6.06. तुमच्या हिशोबाने तेव्हाही संपलेलाच. पुढच्या वर्षी त्याच लीहाय व्हॅलीत रिलीव्हर (सामन्याच्या मधे येणारा बदली पिचर) म्हणून 19 सामने, ईआरए 1.61. 29 जूनला ब्रेव्हजविरुद्ध मेजरमध्ये पदार्पण, वय 30, नववी इनिंग, एकही धाव नाही. एकूण 6 सामने, 10⅓ इनिंग, 1.74.

बदललं काय? शिवण_चार यांनी सांगितलेला दोष होता तिथेच असेल, पण एका इनिंगमध्ये तो लपतो. 15-20 चेंडू पूर्ण जोरात टाकायचे, दोनच प्रकार पुरतात, आणि तोच फलंदाज तिसऱ्यांदा समोर येत नाही. फिलीजनी हे 2017 च्या जूनमध्ये केलं असतं तर?

शिवण_चार
63.5 लाखांच्या पिचरला 25 व्या वर्षी बुलपेनमध्ये पाठवायचं म्हणजे पहिला पिक (ड्राफ्टमधली पहिली निवड) चुकला हे जाहीर करणं. ती चूक ॲस्ट्रोजची, फिलीजना तर तीही लाज नव्हती. तरी त्यांनी त्याला 2017 ला सगळेच्या सगळे 17 सामने स्टार्ट करायला लावले, हे मलाही पटत नाही.

नववा_डाव
बुलपेनचा मुद्दा मान्य, उशीर झाला. पण मग वाक्य बदला: "धीर धरा" नाही, "भूमिका बदला". ब्रायन टेलर 1991 चा पहिला पिक, खांदा गेला आणि कधीच वर आला नाही. ब्रेडी एकेन 2014 चा, तोही नाही. त्यांची नावं कुणी धागा काढून घेत नाही. आता कुणी चोविशीतल्या पिचरसाठी अपेलचा दाखला दिला की मी तीनच गोष्टी विचारणार: ऑप्शन किती उरले, पहिला चेंडू किती वेळा स्ट्राइक जातो, आणि संघाने त्याला एका इनिंगसाठी वापरून बघितलंय का?

दादर_पूर्व
चौथी विचारा: पुढच्या नोव्हेंबरात कुणाची मुदत येतेय?