स्केटबोर्डचं वेड कुणाला होतं का? आणि मग ते गेलं कुठे?

अर्धवटराव_पुणे:
मंडळी, परवा आईकडे गेलो होतो, सिलेंडर संपला तर ती म्हणते "तुझी ती फळी आण रे". फळी म्हणजे माझा स्केटबोर्ड! गेली वीसेक वर्षं त्याच्यावर सिलेंडर ठेवून बाल्कनीतून ओट्यापर्यंत ढकलत नेतात.

१९९९ ला टोनी हॉक या अमेरिकन स्केटबोर्डरने एक्स गेम्स स्पर्धेत ९०० मारला, म्हणजे हवेत अडीच गिरक्या, ती क्लिप नंतर कधीतरी केबलवर बघितली आणि माझंही डोकं तेवढंच फिरलं. आठवीत बाबांच्या मागे लागून लागून बोर्ड घेतला. पण पार्किंगला शहाबादी फरशी, फटीत चाक अडकलं की बोर्ड तिथेच आणि मी पुढे, हनुवटीला तीन टाके. बोर्डसकट उडी मारायची ती ऑली सहा महिने करत होतो, एकदाही चारही चाकं वर आली नाहीत. मग दहावी आली आणि आपल्यात ते नाहीच असं ठरवून टाकलं. तुमचं कशाने सुटलं?

खडीवरचा_खडा:
आधी सांगा, चाक हाताने फिरवलं की किती वेळ फिरतं? पटकन थांबत असेल तर ते खेळणं होतं हो. खरा डेक, म्हणजे उभं राहायची फळी, मेपलच्या लाकडाचे सात पातळ थर चिकटवलेली, शेपटीवर, म्हणजे मागच्या टोकावर, पाय हाणला की कशी टणकन उसळते. आणि खालच्या ट्रकमध्ये, म्हणजे चाकं बसवलेल्या धातूच्या दांड्यात, रबरी बुश असतात म्हणून नुसतं कललं तरी वळतं, तुम्ही बहुतेक उचलून उचलून वळवत असणार. चाकांचंही तेच, ५२ मिमीची ९९ए वाली (हा कडकपणाचा आकडा) कडक चाकं गुळगुळीत काँक्रीटसाठी, आपल्या डांबरावर मोठी मऊ ७८ए लागतात, नाहीतर हरभऱ्याएवढा खडा पण तोंडावर पाडतो.

निवांत७७:
बोर्डाला कशाला दोष देताय. माझ्याकडे मामाने अमेरिकेहून आणलेला एकदम ओरिजिनल होता, तरी चार महिन्यांत माळ्यावर गेला. क्रिकेटला खालून दहा जण हाका मारायचे, ह्याला कोण मारणार? पडलो की हसायला अख्खी आळी, पण "मागचा पाय जरा आत घे" सांगणारं एक माणूस नाही.

लेकीची_आई:
निवांत +१. मला रोलर स्केट्सच्या क्लासला घातलेलं कारण त्यात सर्टिफिकेट मिळायचं, बोर्डाचं नाव काढलं तर आजी म्हणाली हातपाय मोडून घे, मग कोण करेल लग्न.
२०२१ ला टोकियो ऑलिंपिकला स्केटबोर्डिंगच्या स्ट्रीट प्रकारात पहिल्या दोघी, मोमिजी निशिया आणि रायसा लिआल, तेरा-तेरा वर्षांच्या, ते बघून आमची लेक हटूनच बसली. आता रविवारी मुंबईत कार्टर रोडच्या स्केटपार्कला जातो, तिथली मोठी पोरं ओळखपाळख नसताना हिचे दोन्ही हात धरून उतारावरून सोडतात, मी आपली कडेला पिशव्या सांभाळत. परवा एकजण मलाच विचारतो, "काकू, ट्राय करणार?" करणार होते, पण त्या काकूमुळे बसूनच राहिले.

अर्धवटराव_पुणे:
@खडीवरचा_खडा, आत्ताच आईला फोन लावून चाक फिरवायला लावलं. दीड फेऱ्यात थांबलं म्हणे. एवढी वर्षं उगाच स्वतःला नावं ठेवली राव! नवीन घेतोय म्हटलं तर ती म्हणाली घे, पण जुना इथेच राहू दे, सिलेंडर काय डोक्यावर नेऊ?