मदत हवी आहे : गर्भपिशवीसोबत अंडाशयंही काढलेल्या ऊसतोड महिलांच्या गरम वाफा

प्रश्न
बीड जिल्ह्यातल्या उपकेंद्रात परिचारिका आहे. २०१९च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली होती, त्यातल्याच गावांमधलं हे उपकेंद्र. पस्तीस-चाळिशीच्या बायका येतात. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते, धडधडतं, हाडं दुखतात, लघवीला जळजळ होते. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. त्याआधी मी काय तपासू आणि कोणाला पुढे पाठवू?

उत्तर १
सिस्टर, पहिल्यांदा डिस्चार्ज कार्ड मागा. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशयं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन बनवत राहतात. दोन्ही अंडाशयं गेली की ते एकदम तुटतं आणि वाफा काही दिवसांतच सुरू होतात. कार्डावर टीएएच, म्हणजे पोटावर छेद देऊन पिशवी काढणं, त्यापुढे बीएसओ लिहिलं असेल तर दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशयं काढलेली आहेत. नुसतं बीएस असेल तर फक्त नळ्या. घोळ इथेच होतो, म्हणून कार्डाचा फोटो काढून ठेवा. कार्ड हरवलं असेल तर पिशवीचा तपासणी रिपोर्ट शोधा. तोही नसेल तर सोनोग्राफी आणि चार-सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा एफएसएच, म्हणजे अंडाशयं चालू आहेत का ते सांगणारी रक्ततपासणी.

रात्रीचा प्रत्येक घाम हार्मोनचा नसतो. दोन आठवड्यांचा खोकला, बारीक ताप, वजन उतरणं यातलं काहीही असेल तर आधी क्षयरोगासाठी थुंकी तपासा. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, बीपी सगळ्यांचंच बघा. धडधड बऱ्याचदा रक्त कमी असल्याने होते. आणि जळजळ कोरडेपणाची की जंतुसंसर्गाची, हे लघवी तपासल्याशिवाय ठरवू नका.

उत्तर २
बीएसओ नक्की झालं आणि बाई पंचेचाळिशीच्या आत असेल, तर 'सहन कर' हा सल्ला चुकीचा आहे. अडचण नसेल तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, इस्ट्रोजेन द्यायचं असतं. वाफांपेक्षा हाडं आणि हृदय हे त्याचं मोठं कारण. पिशवी नसल्यामुळे सहसा प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन जोडीला लागत नाही. एंडोमेट्रिओसिससाठी (पिशवीचं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) ऑपरेशन झालं असेल तर मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा.

औषध स्त्रीरोगतज्ज्ञच लिहितील, पण चिठ्ठीवर तुम्ही हे नोंदवून पाठवा : स्तनाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ, पक्षाघात, हृदयविकार, चालू कावीळ, पिशवी नसतानाही रक्तस्राव. यातलं काही असेल तर निर्णय बदलतो. रक्तस्राव असेल तर थांबू नका, लगेच पाठवा.

हार्मोन चालत नसतील तर वाफांसाठी व्हेन्लाफॅक्सिन ३७.५ मिग्रॅपासून किंवा रात्री गॅबापेन्टिन देतात. टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगाचं औषध चालू असलेल्या बाईला पॅरोक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध वाफांसाठी नको, त्याने टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटतो.

कॅल्शियम आहारासह दिवसाला १००० ते १२०० मिग्रॅ. गोळी जेवणासोबत, लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक. ती चुकून रोज घेतली जाते आणि मग उलट्या, बद्धकोष्ठता सुरू होते; पाकिटावर वार लिहूनच द्या. मिश्रीची चौकशीही करा, हाडं आणि हृदय दोन्हीवर तंबाखूचा भार असतो.

प्रश्नकर्ती
सहा महिने कोपीत, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत राहायचं. इस्ट्रोजेनचं जेल बरं की गोळी?

उत्तर ३
रक्ताची गाठ होण्याचा धोका जेलमध्ये गोळीपेक्षा कमी, म्हणून स्थूल किंवा बीपीच्या बाईला जेल बरं. पंपाच्या बाटलीत एका दाबाला १.२५ ग्रॅम जेल येतं, त्यात ०.७५ मिग्रॅ इस्ट्राडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार. रात्री अंघोळीनंतर कोरड्या दंडावर किंवा मांडीवर, पातळ पसरून. स्तनांवर कधीच नाही. पाच मिनिटं वाळू द्या, हात धुवा, आणि ती जागा तान्ह्या मुलाच्या अंगाला लागू देऊ नका. बाटली पत्र्याखाली तापते, म्हणून माठाशेजारी ठेवायला सांगा. बाटली सांभाळणं जमणार नसेल आणि धोका नसेल तर गोळी सोपी.

औषध अर्ध्यात संपलं की वाफा परततात आणि बायका उपचारच सोडतात. म्हणून निघण्याआधी पूर्ण हंगामाचा साठा, आणि चिठ्ठीची एक प्रत कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात दाखवण्यासाठी. फक्त कोरडेपणा असेल तर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम ०.५ ग्रॅम, दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा.

ऑपरेशनला सहा आठवडे झाले नसतील तर मोळी उचलायची नाही, हे मुकादमासमोर सांगा. उदासी किंवा जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक कार्डाच्या मागे लिहून द्या.