सत्तरीनंतर पाच लाखांचं कार्ड: पैसे भरतंय कोण?

हिशेबनीस (धागाकर्ता)
आईचं आयुष्मान वय वंदना कार्ड परवा निघालं. आधार, ओटीपी, फोटो; वीस मिनिटांत मोकळे. मुलाला पेन्शन किती, हे कोणी विचारलं नाही. बरं वाटलं. मग रात्री कागद-पेन घेऊन बसलो. बँकेत ३२ वर्षं काढल्यावर ही खोड जात नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारत योजनेतून दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या खर्चाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण मंजूर केलं. त्याचंच हे कार्ड. तेव्हाचे आकडे: ६ कोटी ज्येष्ठ, सुरुवातीची तरतूद ३,४३७ कोटी. भागाकार करा, माणशी ५७३ रुपये येतात. आईच्या खासगी पॉलिसीचा हप्ता मागच्या खेपेला ५८ हजार होता. त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला; हा कर सप्टेंबर २०२५ मध्ये रद्द झाला. कंपनी नफा काढते, कबूल. पण शंभर पट?

माझं म्हणणं सरळ आहे. आमच्यासारख्यांना हे फुकट देऊ नका. वर्षाला पाच-सहा हजार घ्या. पैसा तोकडा पडेल तेव्हा आम्ही खासगीत जाऊ, तालुक्याचा पेशंट कुठे जाणार?

ओटीवरची
"आमच्यासारखे" कोण हे ठरवायला उत्पन्नाचा दाखला लागणार. म्हणजे तलाठी, सेतू, परत या, सही राहिली. ७८ वर्षांच्या बाईला हे करायला लावायचं? त्यापेक्षा दोन श्रीमंत फुकट गेलेले परवडले.

आणि तुमचा भागाकार गडबड आहे. सहाच्या सहा कोटी लगेच कार्ड काढून दवाखान्यात येणार नव्हते. मागणी वाढेल तशी तरतूद वाढवू, असं सरकारनं तेव्हाच सांगितलं होतं. २०२५-२६ ला अख्ख्या योजनेसाठी केंद्राचे ९,४०६ कोटी होते. त्याशिवाय राज्यांचा वाटा वेगळा, बहुतेक ठिकाणी ४० टक्के.

गरिबांपुरती ठेवलेली योजना गरीबच राहते हो. मामलेदाराची आई त्याच वॉर्डात असली की पंखा दुरुस्त होतो.

हिशेबनीस
पंख्याचं पटलं. पण लोकांनी वापरला नाही तरच परवडतो, त्याला मी विमा म्हणत नाही. आमच्याकडे अशा खात्याला वेगळं नाव होतं.

लहान दवाखाना
१४ खाटा, योजनेच्या पॅनेलवर आहे. तूट कुठे जाते विचारताय ना? इकडे येते.

पैसे पॅकेजनं मिळतात. खुब्याचं हाड मोडलेला चाळिशीचा माणूस आणि ८१ वर्षांच्या आजी, दर तोच. आजींना मधुमेह, किडनी अर्धी गेलेली, भूल देणारा दोनदा विचार करतो, टाके भरायला वेळ लागतो. बरं, क्लेम गेला की त्रुटी निघते, त्रुटी भरली की दुसरी निघते. एक बिल नऊ महिन्यांनी आलं, तेही कापून. औषधवाल्याची उधारी तेवढी थांबत नाही.

खोटं कशाला बोलू, कधीकधी "खाट रिकामी नाही" असं सांगितलंय. योजनेचा मदतनीस, आरोग्यमित्र, समोर बसलेला असताना.

ओटीवरची
डॉक्टर, प्रामाणिकपणाबद्दल आभार. पण या योजनेवरचा कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांचा, २०२३ चा अहवालही आठवा. नोंदीत मृत दाखवलेल्या पेशंटच्या नावावर नंतर उपचार, साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाइल नंबरला जोडलेले. त्रुटी काढतात ते उगाच नाही.

लहान दवाखाना
मान्य. चोरी एकाची, झडती सगळ्यांची.

पांढरं कार्ड
तुमचं चालू द्या, पण महाराष्ट्रात १ जुलै २०२४ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना पांढऱ्या रेशनकार्डालाही आहे, कुटुंबाला ५ लाख. आपल्याला नवीन मिळालं ते म्हाताऱ्यांचे स्वतंत्र ५ लाख, सुना-नातवंडांबरोबर वाटून न घेता.

माझ्या वडिलांचा खरा खर्च बघा. वर्षभरात दवाखान्यात दाखल: दोन दिवस. गोळ्या: महिन्याला ४,२०० रुपये, बीपी, साखर, प्रोस्टेट. तपासण्या वेगळ्या. कार्ड दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यावरचे १५ दिवस सांभाळतं. उरलेलं वर्ष? तिथे हप्ता घ्या, मी आनंदानं भरीन.

एडिसनची सून
इकडे अमेरिकेत मेडिकेअरसाठी, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी, पगारातून १.४५ टक्के कापतात, मालक तेवढेच घालतो. शिवाय ६५ नंतर डॉक्टरांच्या भागाचा हप्ता, २०२५ ला महिना १८५ डॉलर. तरी विश्वस्तांचा २०२५ चा अहवाल म्हणतो की हॉस्पिटलच्या भागाची गंगाजळी २०३३ मध्ये संपेल, पुढे येणाऱ्या करातून ८९ टक्केच खर्च भागेल. हप्ता घेऊनही रडं आहेच. पण कधी आणि किती कमी पडणार ते दरवर्षी छापून येतं, हे मला आवडतं. (सासूबाईंना मात्र यातलं काही नाही. ग्रीनकार्डावर पाच वर्षं झाल्याशिवाय विकतही मिळत नाही.)

हिशेबनीस
हेच! कापलेला पैसा वेगळ्या पेटीत दिसला पाहिजे.

ओटीवरची
पेटी आहे. आयकरावर ४ टक्के आरोग्य-शिक्षण सेस भरता ना? त्यातल्या आरोग्याच्या वाट्यासाठी २०२१ मध्ये प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा निधी काढलाय, आयुष्मान त्यात येतं. म्हणजे काका, हप्ता तुम्ही भरताच आहात.

हिशेबनीस
या निधीचं माहीत नव्हतं. पुन्हा कागद घेतो.

आईची खासगी पॉलिसी यंदा बंद करणार होतो, तूर्त करत नाही. डॉक्टर, हे तुमच्यामुळे.