जुन्या सी कोडमधल्या सुरक्षेच्या खोडी शोधायला काय वापरू?

रिकामा_रकाना:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे वीजमीटरांचं रीडिंग गोळा करणारा एक डबा आहे. लिनक्सवर चालतो, मीटरांशी आणि वरच्या सर्व्हरशी मॉडबस टीसीपी या नेटवर्क प्रोटोकॉलवर बोलतो. कोड सगळा सी, साधारण ४०,००० ओळी. लिहिणारे दोघंही केव्हाच सोडून गेलेत. आता गिऱ्हाइकाला सोर्स कोडचा सिक्युरिटी स्कॅन रिपोर्ट हवाय, तीन आठवड्यांत. बजेटचं विचारू नका, 'फुकटात काय मिळतंय ते बघ' एवढंच साहेब म्हणाले. काल फ्लॉफाइंडर हा धोकादायक फंक्शनं हुडकणारा स्कॅनर चालवला तर ११०० हिट! त्यातले कित्येक तर नुसते 'कॅर बफ[६४]' असा ठरावीक मापाचा बफर (डेटा ठेवायची जागा) डिक्लेअर केलाय म्हणून. कुठून सुरुवात करू?

सेमीकोलन:
मिनलेव्हल ४ दे, म्हणजे धोक्याची पातळी ४ च्या खालचे हिट दिसणारच नाहीत. आकडा झटकन खाली येतो, रिपोर्टही देखणा दिसतो.

कंपायलरवाला:
देखणा दिसतो, हे खरं. पण रकानासाहेब, स्कॅनरच्या आधी कंपायलर.

डब्यासाठी तुम्ही वापरता तो क्रॉस कंपायलर (पीसीवर बसून डब्यासाठीचा कोड बनवणारा) जीसीसी ४ च्या जमान्यातला असणार. (असतोच.) तो बाजूला ठेवा. पीसीवर नवा जीसीसी घ्या आणि फक्त इशारे बघायला कोड बिल्ड करा, चालला नाही तरी हरकत नाही. हार्डवेअरच्या हेडर फाइली अडतील, तिथे खोट्या रिकाम्या फाइली द्या. एखादा दिवस यात जाईल, जाऊ द्या. वॉर्निंगचे पर्याय ऑल, एक्स्ट्रा आणि फॉरमॅट=२, सोबत ऑप्टिमायझेशन ओ२. ओ२ विसरू नका, बफरच्या मापाचे बरेच इशारे ऑप्टिमायझर चालल्याशिवाय येतच नाहीत. मग जीसीसीचा एफ-ॲनालायझर हा पर्याय चालवा. जीसीसी १० पासून, म्हणजे २०२० पासून तो सोबतच येतो. फ्री केलेली मेमरी परत वापरली, एकच पॉइंटर दोनदा फ्री केला, फाइल उघडून बंदच केली नाही, असल्या गोष्टी तो वाट धरून शोधतो आणि कुठून कसा पोचला तेही टप्प्याटप्प्याने छापतो. वेळ खातो. चहा पिऊन या.

फ्लॉफाइंडरबद्दल गैरसमज नको. तो २००१ पासून आहे, पायथनमध्ये लिहिलेला, आणि त्याला सी कळत नाही, फंक्शनांची नावं कळतात. धोक्याची पातळी अशी: गेट्स (मर्यादेशिवाय ओळ वाचणारं) दिसलं की ५, स्ट्रकॉपी (मर्यादेशिवाय मजकूर कॉपी करणारं) ४, मेमकॉपी (सांगितले तितके बाइट कॉपी करणारं) २, स्ट्रएनकॉपी (मर्यादा देऊन मजकूर कॉपी करणारं) १. सोसायटीचा वॉचमन चेहरा बघून अडवतो, पिशवीत काय आहे ते बघत नाही, तसलं काम. पण कोड बिल्ड होत नसला तरी तो चालतो, आणि अनोळखी कोडमध्ये पहिला फेरफटका मारायला तेवढं पुरतं. सीपीपीचेक हा दुसरा स्कॅनरही बिल्डशिवाय चालतो. मात्र मुळात तो फक्त एररच दाखवतो, वॉर्निंगचा पर्याय हाताने चालू करावा लागतो. 'सीपीपीचेकला काहीच सापडलं नाही' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी तो पर्याय दिलेलाच नसतो.

लाल_पेन:
वरच्याला +१. मिनलेव्हल ४ बद्दल मात्र एक जखम दाखवतो.

मागे एका ठिकाणी होतो. तिथे ऑडिटमध्ये स्ट्रकॉपीचे नव्वदेक हिट आले. एका उत्साही गड्याने एका दुपारात सगळे 'दुरुस्त' केले. दुसऱ्या दिवशी मिनलेव्हल ४ चा रिपोर्ट कोरा. पेढे आले. मी सहज एक ओळ उघडली:

स्ट्रएनकॉपी(नाव, आलेलं, स्ट्रलेन(आलेलं))

बघा काय केलंय. 'नाव' ३२ बाइटचं. मर्यादा द्यायला हवी 'नाव'च्या मापाची, दिलीय आत येणाऱ्या मजकुराच्या लांबीची. पातेलं लहान आणि माप दुधाच्या कॅनचं. म्हणजे बफर पूर्वीसारखाच फुटणार, वर शेवटचा शून्य बाइटही टाकला जात नाही. पूर्वीच्या स्ट्रकॉपीत निदान तो तरी पडायचा! कोड आधीपेक्षा वाईट झाला आणि स्कॅनरच्या लेखी धोका ४ वरून १ वर आला. गंमत म्हणजे जीसीसी ८ पासून कंपायलर स्वतःच सांगतो, की बाबा, मर्यादा सोर्सच्या लांबीवर अवलंबून आहे. पण वॉर्निंग बंद करून बिल्ड करायची तिथे परंपरा होती.

तेव्हा स्ट्रकॉपी बदलायचंच तर एसएनप्रिंटएफ (दिलेल्या मापाच्या आतच लिहिणारं) घ्या, माप साइझऑफ(नाव) द्या आणि परत आलेला आकडा तपासा, तो मापाएवढा किंवा मोठा असेल तर मजकूर कापला गेलाय. आणि 'नाव' हा ॲरे आहे की फंक्शनला आलेला पॉइंटर तेही बघा, नाहीतर साइझऑफ ३२ ऐवजी ४ किंवा ८ देईल. बाकी चालू द्या.

सेमीकोलन:
गेट्स, स्ट्रकॉपी अजून कोण वापरतं राव? कॉलेजात पहिल्या वर्षालाच बंदी होती.

लाल_पेन:
आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला गेट्सच शिकवायचे. १९८८ चा मॉरिस वर्म, म्हणजे इंटरनेटवर आपोआप पसरलेला प्रोग्रॅम, फिंगर डीमन या सर्व्हर प्रोग्रॅमच्या गेट्समधून घुसला होता. भाषेच्या स्टँडर्डमधून ते काढायला सी११ उजाडावं लागलं. सिलॅबसचं तर विचारूच नका.

कचराकुंडी:
सगळे स्ट्रिंगांच्या मागे लागलात. नेटवर्कवर बोलणाऱ्या डब्यात मला मेमकॉपीची जास्त भीती वाटते.

हार्टब्लीड ही खोडी आठवा, २०१४. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीत समोरच्याने पॅकेटात लिहिलेली लांबी तशीच मेमकॉपीला दिली होती, आणि एका विनंतीत ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर जायची. त्या वेळच्या स्कॅनरांना ते दिसलं नाही. ती लांबी बाहेरच्या माणसाच्या हातातली आहे हे त्यांना कळतच नव्हतं. नंतर कव्हेरिटी या स्कॅनरवाल्यांनी युक्ती काढली, की ज्या आकड्याच्या बाइटांची अदलाबदल होते तो नेटवर्कवरून आलेला समजायचा.

त्यामुळे माझा सल्ला: पॅकेट वाचणारं फंक्शन वेगळं काढ, एएफएल++ (आपोआप उलटसुलट इनपुट बनवून देणारं टूल) लाव, ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीची चूक झाली की तिथेच थांबवणारा कंपायलरचा पर्याय) घालून बिल्ड कर आणि रात्रभर कचरा, म्हणजे बिघडवलेली पॅकेटं, खाऊ घाल.

कंपायलरवाला:
सहमत, पण गिऱ्हाइकाने स्कॅन रिपोर्ट मागितलाय. तो आधी द्या, कचरा नंतर.

शिवाय एक धोक्याची सूचना. 'फुकट' म्हणून गिऱ्हाइकाचा कोड कुठल्याही वेबसाइटवर चढवू नका. कव्हेरिटी स्कॅन फुकट आहे ते ओपन सोर्स प्रोजेक्टांना. कोडक्यूएल या स्कॅनरचंही तसंच, बंद कोडला लायसन्स लागतं. फ्लॉफाइंडर, सीपीपीचेक, जीसीसी आणि क्लँग कंपायलरचा स्कॅन-बिल्ड हे सगळे तुमच्याच मशीनवर चालतात. तेवढ्यावर भागवा.

रिकामा_रकाना:
मनापासून धन्यवाद सगळ्यांना. अठरा दिवसांनी येतोय, म्हणून सविस्तर सांगतो.

नव्या जीसीसीने पहिल्याच बिल्डला ३४० इशारे दिले. बहुतेक साइन-अनसाइनचे (ऋण आकडे चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या व्हेरिएबलांच्या गल्लतीचे), त्यातले तीन खरोखर महागात पडणारे. सीपीपीचेकने एक न भरलेला व्हेरिएबल पकडला. आता खरी गोष्ट.

आमचा कोड सॉकेटवरून आलेलं सगळं एका २०४८ बाइटच्या बफरमध्ये घेतो आणि तिथून एकेक फ्रेम (एक पूर्ण संदेश) स्टॅकवरच्या २६० बाइटच्या ॲरेत कॉपी करतो. मॉडबस टीसीपीची फ्रेम २६० पेक्षा मोठी नसतेच, म्हणून २६०. पण किती कॉपी करायचं हे हेडरमधला लांबीचा आकडा वाचून ठरवलेलं. तो आकडा दोन बाइटचा, म्हणजे ६५,५३५ पर्यंत काहीही येऊ शकतं. प्रोटोकॉलप्रमाणे तो २५४ च्या वर जायला नको, पण कोडमध्ये ते कुणी तपासलेलं नव्हतं. लांबी काढणारं फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये होतं. जीसीसीचा ॲनालायझर एका वेळी एकच फाइल बघतो, त्यामुळे तो गप्प राहिला.

कचराकुंडी म्हणाले तसं एएफएल++ लावलं. संध्याकाळी सुरू केलं, जेवून येईपर्यंत क्रॅश. सॅनिटायझरने थेट ओळ क्रमांकच दाखवला. मग सहज फ्लॉफाइंडरच्या जुन्या यादीत ती ओळ शोधली. होती! मेमकॉपी, लेव्हल २. मिनलेव्हल ४ लावून मी ती दुसऱ्याच दिवशी पडद्याआड केली होती.

सेमीकोलन:
🙏 चूक कबूल.

लाल_पेन:
दुरुस्ती काय केलीत? नुसती २६० वर कात्री लावली नाहीत ना?

रिकामा_रकाना:
नाही. लांबी २ ते २५४ मध्ये नसेल तर कनेक्शन बंद आणि लॉगमध्ये नोंद. नुसतं कापलं तर पुढच्या फ्रेमची सुरुवात चुकते, हे दोन तास डोकं आपटल्यावर कळलं.

११०० पैकी मेमकॉपीचे ८७ हिट हाताने वाचतोय, ५२ झाले. बघून निर्धास्त वाटलेल्या ओळींवर 'फ्लॉफाइंडर: इग्नोर' अशी कॉमेंट टाकतो, शेजारी कारणही लिहितो, म्हणजे पुढच्याला परत वाचायला नको. रिपोर्ट सोमवारी जाईल. साहेब आता विचारतायत, साइटवर आधीच बसवलेल्या डब्यांचं काय. त्यासाठी वेगळा धागा काढतो.